डावीकडे दोन बोटं खाली

गाडी नेमकी माझ्या दुकानासमोर बंद पडली. पावसाची भुरभुर चालू होती आणि एक माणूस बॉनेटमध्ये डोकं खुपसून उभा होता. मला त्याच्या चेहऱ्याआधी त्याची भिजलेली पाठ दिसली.

"कोरडं फडकं मिळेल का?" त्याने दारात येऊन विचारलं.

मी गाड्यांच्या सीट शिवते, माझ्याकडे फडक्यांना काय तोटा! फडकं दिलं आणि सवयीने गाडीत डोकावले. पन्नाशी कधीच ओलांडलेली गाडी. रंग नवा, दारं चकचकीत... आणि ड्रायव्हरची सीट मात्र फाटकी, डावीकडे पार बसलेली.

"एवढं सगळं केलंत आणि सीट अशी?"

"शिवण जमत नाही मला. बाकी सगळं दर रविवारी स्वतःच्या हाताने केलंय. तीन वर्षं लागली."

"रविवारी दुसरं काही काम नसतं वाटतं?"

"गणिताचा मास्तर आहे मी. बाकीचे सहा दिवस पोरं मला दुरुस्त करतात."

मला हसू आलं. मी ते दाबलंही नाही.

गाडी सुरू झाली, पण वायपरची मोटर बंद होती. आतून दांडी धरून तो हाताने हलवावा लागे. "शेजारी बसून कोणी हलवला असता तर..." तो माझ्याकडे न बघता पुटपुटला. मी दुकानाला कुलूप लावलं आणि त्याच्या घरापर्यंत वायपर हलवत गेले. का गेले, ते तेव्हा मला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

फाटकात त्याचे वडील उभे होते. गाडी मूळची त्यांची. त्यांची नजर जात चालली होती. जेमतेम दोन महिने, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याआधी त्यांना ही गाडी एकदा स्वतः चालवायची होती. बंद पडलेल्या कारखान्याच्या मोकळ्या आवारात एकच फेरी, बस.

"सीट मी करते, काका," मी म्हणून बसले.

मग मास्तर रोज शाळा सुटली की दुकानात हजर.

"रोज येता! विश्वास नाही का कामावर?"

"कामावर आहे की."

"मग?"

"रेक्झिन ताणून धरायला... कोणीतरी हवं ना."

तीन आठवड्यांनी सीट तयार झाली. नव्या स्प्रिंगा, नवा काथ्या, चारी बाजूंनी एकसारखी. मी स्वतःवरच खूश होते. काका बसले. डाव्या पायाने क्लच चाचपला... पाय पुरेना. पुन्हा चाचपला. मग ते हळूच उतरले.

"ही माझी गाडी नाही," म्हणाले आणि घरात निघून गेले.

तरुणपणी त्यांचा डावा गुडघा मोडला होता. पाय आखूड राहिला होता. इतक्या वर्षांत सीट त्या बाजूला खचत गेली, म्हणून तो क्लचपर्यंत पोचायचा. मी त्या खळग्याला झीज समजले आणि भरून टाकला. जुना काथ्याही भंगारात देऊन मोकळी झाले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक माझी आहे," मास्तर म्हणाला. "पायाचं मला माहीत होतं. पण सीट इतकी सुंदर झाली होती... आणि तू इतकी खूश होतीस."

पहिल्यांदाच "तू" म्हणाला, आणि तेही अशा वेळी!

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी सीट उसवली. काकांना तिच्यावर बसवलं आणि खाली गुडघे टेकून मूठमूठ काथ्या काढत गेले.

"अजून."

"आता?"

"जास्त झालं. थोडा घाल... हां. हीच."

डावीकडे बरोबर दोन बोटं खाली. त्याच आठवड्यात काकांना भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दिसेनासे झाले होते.

कारखान्याच्या आवारात काकांनी फेरी मारली. संथ, पण एकदाही न अडखळता. मग स्वतःच गाडी थांबवली, स्टिअरिंगवरून दोनदा हात फिरवला आणि उतरले.

"आता तू चालव," ते मुलाला म्हणाले. "पोरी, तू पुढे बस. मी मागे बसतो. बाहेर काय काय दिसतंय ते तू मला सांगत जा."

गाडी निघाली.

"उजवीकडे लांब भिंत आहे, काका. ओलीने काळी पडलीय. वर गवत उगवलंय."

"आणि माझा मुलगा?"

मी शेजारी वळून बघितलं. "रडतोय."

"रडू दे. तुझ्याकडे बघतोय का?"

"...हो."

"गाडी चालवताना?"

"बाबा!" मास्तर ओरडला.

"तू गप्प बस. पोरी, आणि तू कुठे बघतेयस?"

भिंत, गवत, आभाळ, काहीही सांगता आलं असतं. पण माझ्या डोळ्यांनी बघणाऱ्या माणसाशी खोटं बोलायला जीभ रेटेना.

"त्याच्याकडे," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. मला तो फार आवडतो, काका."

गाडी थांबली. इंजिन चालूच होतं.

"थांबलात का रे?" मागून काकांनी विचारलं. "काय झालं? सांग ना, पोरी."

"त्याने माझा हात धरलाय," मी सांगितलं.