मिटल्या डोळ्यांचा फोटो

तो स्टुडिओत शिरला तोच गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून. हातात पाना, खांद्यावर रबरी पाइप, आणि बुटांतून पाणी... चप्, चप्, चप्. फोटोवालीनं आधी आत्ताच पुसलेली फरशी पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं.

“गळका नळ शेजारच्या दुकानात. इथे फोटो काढतात.”

“मग बरोबर आलोय. फोटोच काढायचाय. उमेदवारीच्या अर्जाला लागतो. तीनला खिडकी बंद होते, आणि वाजलेत अडीच.”

“या अवतारात?”

“तोंड धुतलंय की!”

धुतलं होतं खरं. पण कानामागचा चिखल तसाच होता. तिनं टॉवेल पुढे केला, त्यानं तो नेमका दुसऱ्याच कानाला लावला. शेवटी तिनंच बोटानं खूण केली — इकडे, इकडे — आणि तो हसला. त्या हसण्यानं तिला उगाचच राग आला.

“हसू नका. सरकारी फोटो आहे. हनुवटी खाली. अहो, खाली म्हणजे पाताळात नव्हे! समोर बघा.”

“बघतोय की.”

“माझ्याकडे नाही. भिंगाकडे.”

“अवघड काम सांगता बुवा,” तो म्हणाला, आणि फोटोवालीच्या हातून पहिल्यांदाच फोटो हलला.

सगळे त्याला नळवाला म्हणत. कुणाच्या घरात कोण आजारी हे डॉक्टरला ठाऊक, तसं कुणाच्या नळाला किती धार हे याला ठाऊक. त्या वॉर्डात पाणी यायचं दिवसाआड, तेही रुसलेल्या सुनेसारखं — आलं तर आलं, नाहीतर दार लावून बसलं. जमिनीखाली पाइप कुठे कुजलाय, कुणी चोरून जोड मारलीय, हे त्याला तोंडपाठ होतं. वरच्या साहेबांना सांगून सांगून त्याची जीभ झिजली, तेव्हा स्वतःच निवडणुकीला उभा राहिला. एवढंच त्याचं राजकारण.

फोटो न्यायला तो आला. मग राहिलेली एक प्रत न्यायला आला. मग स्टुडिओतला नळ बघायला आला.

“तो गळत नाहीये,” ती म्हणाली.

“आज नाही. उद्याचं कुणी सांगावं? लोखंडाचा काय भरवसा!”

“आणि माणसाचा?”

“माणसाचा आहे. वापरून बघ.”

‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तो पेटीवर बसून पाइपांचे नकाशे काढायचा, ती समोर बसून फोटोंच्या कडा कापायची, आणि मध्येच कात्री थांबायची... पेन्सिलही थांबायची. एके दिवशी त्यानं नकाशातून मान वर न करताच विचारलं, “निवडणूक झाली की तुझ्या आईला भेटायला येऊ?”

“हरलास तर?”

“हरलो तर हाताशी वेळच वेळ. दोनदा येईन.”

त्याच आठवड्यात त्याच्या विरुद्ध उभे राहिलेले सिमेंटवाले शेठ स्टुडिओत आले. सोबत सहा माणसं, दोन जोड कपडे आणि एक पत्रा — तोंडावर उजेड पाडायला. शेठना प्रार्थना करतानाचा फोटो हवा होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले, डोक्यामागे जरा... तेज.

“भाव यायला हवा बघ, पोरी,” शेठ म्हणाले.

भाव आणायला सतरा फोटो लागले. तिसऱ्याला शेठनी एक डोळा उघडून पोट आत आहे का ते बघितलं. नवव्याला फोन वाजला, तर जोडलेल्या हातांनीच उचलून त्यांनी कुणाच्या तरी सात पिढ्या उद्धारल्या, आणि फोन खाली ठेवताच पुन्हा डोळे मिटले. देव भावाचा भुकेला म्हणतात. असला भाव पाहून तो उपाशीच झोपला असेल.

चार दिवसांत भिंती न् भिंती त्या फोटोनं भरल्या. खाली मोठ्या अक्षरांत — ‘श्रद्धाळू माणूस, आपला माणूस.’

मग नगरवाचनालयात सभा झाली. दोन्ही उमेदवार एका मंचावर, मधे निवृत्त हेडमास्तर. लोकांनी विचारायचं, त्यांनी उत्तर द्यायचं. फोटोवाली आईला घेऊन तिसऱ्या रांगेत बसली होती. आईनं जावई बघायचा म्हणून ठेवणीतली साडी नेसली होती, पण ‘बघायला आले’ असं तिनं जन्मात कबूल केलं नसतं. पाण्याचे दोन प्रश्न झाले, गटाराचा एक झाला, आणि शेठच्या सहा माणसांतला एक उठला.

“नळवाल्यांनी एका शब्दात सांगावं. देव मानता की नाही?”

नळवाल्यानं समोरचा ग्लास बाजूला सरकवला.

“मी काय मानतो ते मी आणि मी ज्याला मानत असेन तो, दोघं बघून घेऊ. तुम्ही मला पाण्याचं विचारा.”

“म्हणजे मानत नाही!”

“म्हणजे सांगत नाही. मानतो म्हणालो आणि तुम्ही त्यासाठी मत दिलंत, तर उद्या पाइप फुटल्यावर मला काय विचाराल? प्रार्थना केली का म्हणून?”

मागे दोघंचौघं हसले. बाकीच्यांनी जो गलका केला त्यात हेडमास्तरांची घंटासुद्धा ऐकू येईना. शेठ उठले, डोळे मिटले, हात जोडले. टाळ्याच टाळ्या. उचलली जीभ लावली टाळ्याला ते परवडलं, हे तर उचलले हात आणि जोडले!

घरी येताच आईनं पदर खोचला.

“तो माणूस माझ्या उंबऱ्यात नको.”

“अगं आई, तो नाही म्हणाला नाही—”

“हो तरी म्हणाला का? दोन अक्षरं! जिभेला काय फोड आला होता? ज्याला वरच्याचं भय नाही तो माझ्या पोरीला काय जपणार? विषय संपला.”

दुसऱ्या दिवशी फोटोवालीनं त्याला गाठलं. तो खड्ड्यात कमरेइतका उतरलेला, ती वर काठावर.

“तुझं काय जात होतं रे हो म्हणायला?”

“जे होतं ते सगळंच.”

“इकडे माझ्या आईनं दार लावलं, तिकडे लोकांनी! नुसता अकडूपणा आहे हा!”

“आईंना सांग, सासू म्हणून विचारत असतील तर घरी येऊन सांगतो. मतदार म्हणून विचारत असतील तर नाही.”

“ती दोन्ही आहे!”

“तीच तर पंचाईत आहे,” तो म्हणाला, आणि पुन्हा खाली वाकला. तिनं रागानं पायानं एक ढेकूळ खड्ड्यात ढकललं. ते नेमकं त्याच्या डोक्यावर पडलं. तरी तिला बरं वाटलं नाही.

पुढे जे झालं ते ठरवून झालं नाही. प्रार्थनाघराच्या छताला तडे गेले होते, आणि दुरुस्तीच्या अर्जाला जोडायला तिथल्या विश्वस्तांना त्या तड्यांचे फोटो हवे होते. पहाटे माणसं नसतात म्हणून ती पहाटे गेली. वरच्या सज्ज्यातून भिंग छतावर रोखलं, मग खांबावर, मग सहज खाली... आणि भिंग तिथेच थांबलं. शेवटच्या रांगेत तो बसला होता. पाना शेजारी ठेवलेला. मागच्या पंपाचं काम उरकून आला असावा, बाह्या ओल्याच होत्या. डोळे मिटलेले. हात जोडलेले नव्हते, नुसते मांडीवर उताणे, दमलेल्या लेकरासारखे. चेहऱ्यावर असं काही होतं की तिला वाटलं, आपण दार न वाजवता कुणाच्या तरी घरात शिरलोय.

वाटलं, आणि तरीही बोटानं बटण दाबलं.

त्याला कळलं नाही. तिनं तो फोटो दोन दिवस कुणाला दाखवला नाही. पण वॉर्डात काय काय बोललं जात होतं! पान खाऊन रस्त्यावर पिंक टाकणारेही विचारत होते, ‘असल्या नास्तिकाला मत द्यायचं?’ जणू यांनीच वरच्याकडे जाऊन पावती फाडून आणली होती! तिच्या मस्तकाची शीर उठली. नसता देव्हारा माजवलाय मेल्यांनी — घ्या मग, बघा! तिनं फोटो हातभर मोठा केला आणि स्टुडिओच्या काचेत लावला.

दुपारपर्यंत काचेपुढे ही गर्दी! “अरे, हा तर आपलाच!” “बघ की, आणि बोलला नाही पठ्ठ्या!” काल तोंड फिरवणारे आज हळहळत होते. स्टुडिओच्या वरच्या घरातून आई जिन्यावरून उतरली, फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली, आणि पदरानं नाक पुसत म्हणाली, “उद्या जेवायला बोलाव त्याला.”

फोटोवाली दिवसभर जमिनीवर नव्हतीच. संध्याकाळी तो आला. बूट कोरडे होते. त्यानं गर्दीकडे पाहिलं नाही, फोटोकडेही नाही, फक्त तिच्याकडे पाहिलं.

“काढ तो.”

“अरे, तू निवडून येतोयस! आईसुद्धा—”

“काढ.”

“का? खोटा आहे का तो? शेठचे सतरा काढले, सगळे खोटे. तुझा एक, आणि तोच खरा!”

“शेठनी डोळे मिटले ते तुझ्यासाठी. म्हणून ते तुझे, लाव हवे तिथे.” त्याचा आवाज चढला नाही, आणि तेच तिला सोसवेना. “मी मिटले तेव्हा तिथे कुणी नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. आज दुपारी तिथे गेलो, तर कुणीतरी सांगितलं, फोटो झकास आलाय म्हणून. डोळे मिटले आणि मनात पहिला विचार काय आला सांगू? आपण कसे दिसत असू. एवढीच एक जागा होती ग माझी...”

तो गेला.

तिनं काच उघडली आणि फोटो उतरवला. लगेच शेठचा एक माणूस ओरडला, “बघा! खोटा होता म्हणून काढला!”

तेव्हा मात्र फोटोवाली पायरीवर चढली.

“खरा आहे! पण तुमचा नाही. माझाही नाही. मी चोरला. हातात भिंग आहे म्हणून काय कुणाच्याही आत डोकवायचं? आणि तुम्ही रे? दिवसाआड पाणी येतं, ते का, हे विचारायला एकजण उठला नाही, आणि हा काय पुटपुटतो ते ऐकायला सगळ्यांचे कान टवकारलेले! भिंतीवर हात जोडलेत म्हणून सिमेंटमध्ये वाळू कमी पडेल का? हा फोटो बघून याला मत देणार असाल तर देऊ नका. त्याला ते चालायचं नाही. मलाही नाही!”

वरच्या खिडकीतून आई ऐकत होती. ती काही बोलली नाही. आई बोलत नाही म्हणजे सूर्य उगवायचा राहिलाय असं समजावं.

लोकांनी तिचं म्हणणं तंतोतंत पाळलं. नळवाला एकोणीस मतांनी पडला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नळ कोरडे. शेठच्या घरापुढे फटाक्यांचा कचरा, दाराला कुलूप. शेठ सत्काराला बाहेरगावी गेलेले. आणि नळवाला? तो स्टुडिओसमोरच्या खड्ड्यात, कमरेइतका. त्याच्याभोवती बादल्या घेऊन अख्खा वॉर्ड. “अरे, बघ ना बाबा, तुला सगळं माहिती आहे...”

आई ताडताड जिना उतरली.

“काय ग बायांनो, लाज विकून खाल्ली का? काल याचा देव मोजायला बसला होतात, आज पाणी मागता? जा की त्या श्रद्धाळूकडे! भिंतीवरच्या फोटोखाली बादली धरा, जोडलेल्या हातांतून धार पडते का बघा!”

एकीनं पदर तोंडाला लावला, एकानं बादली मागे लपवली. पण हललं कुणीच नाही. तहानेला कुठली लाज?

“राहू द्या हो,” खड्ड्यातून आवाज आला. “पाच मिनिटांत सोडतो.”

“तू गप्प बैस!” आई कडाडली. मग जराशा खालच्या आवाजात, “आणि काम झालं की वर ये. चहा टाकते. मला काही विचारायचं नाहीये.”

पाणी आलं, बादल्या भरल्या, माणसं पांगली. फोटोवाली तांब्या घेऊन काठाशी आली. आठ दिवसांत दोघं एक शब्द बोलली नव्हती. तो हात पुढे करून उभा राहिला, ती वरून पाणी ओतत राहिली. चिखल गेला तरी ओतत राहिली.

“जातोस का रे... तिकडे?”

“जातो. बसवत नाही. डोळे मिटले की वाटतं, समोर कुणीतरी उभं आहे.”

“मीच आहे ती.” तिनं तांब्या आणखी कलता केला. “चुकलं माझं. प्रेमापायी केलं म्हणून ते कमी चुकलं असं नाही. मला तू जिंकायला हवा होतास. आणि तू हो म्हणत नव्हतास म्हणून तुझ्यावर इतकी चिडले होते की—”

“प्रेमापायी?”

“तेवढंच ऐकलंस?”

“तेवढंच नीट ऐकू आलं.” तो हसला नाही, पण डोळ्यांत काहीतरी सैल झालं. “उद्या पहाटे येशील?”

“कशाला? माफी मागायला?”

“समोर उभी असतेस, म्हणून डोळे मिटवत नाहीत. शेजारी येऊन बस. शेजारी बसलेलं माणूस बघत नसतं.”

तांब्या रिकामा झाला होता, तरी तिनं तो तसाच कलता धरला होता.

“किती दिवस बसायचं?”

“सवय होईपर्यंत.”

“मला सवय लागायला फार वेळ लागतो,” ती म्हणाली. “वर्षंच्या वर्षं जातील... म्हातारी होईन मी.”

“होऊ की,” तो म्हणाला, आणि ओला हात वर करून तिचा हात धरला. तिनं त्याला खड्ड्यातून वर ओढलं.