कर्टच्या बाजूची फळी

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्यावर बेतली तो डेल होस्टेटलर अजून हयात आहे, आणि शेवटचा भाग तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मला स्वतःला अजून पचलेलं नाही.

मागच्या ऑक्टोबरातली रविवारची पहाट. ओहायोतलं आमचं छोटंसं कॉलेजचं गाव.

माझ्या घरासमोरच फ्रॅटर्निटीचं घर आहे. कॉलेजची पोरं तिथे एकत्र राहतात, एकमेकांना 'ब्रदर' म्हणतात आणि केस पिकले तरी म्हणतच राहतात. एरवी त्यांच्या धिंगाण्याने माझं डोकं उठतं. पण वर्षातून एकदा ती हिरवळीवर भलामोठा लाकडी सीसॉ मांडतात आणि हॉस्पिटलातल्या भाजलेल्या मुलांसाठी मदत गोळा करतात. गुरुवारी सुरू झालेला सीसॉ रविवारी दुपारची घंटा होईपर्यंत थांबवायचा नाही. जोड्या बदलतात, फळी वरखाली होतच राहते.

डेल आणि कर्ट ब्रॅनिगन याच घरातले जुने ब्रदर. दोघांचीही साठी उलटलेली. कुठेही असले तरी ऑक्टोबरात यायचेच, आणि पहाटेची पाळी मागून घ्यायचे, कारण त्या वेळी एकाही पोराला अंथरूण सोडवत नाही.

कर्ट चांगला धिप्पाड. डेल म्हणजे नुसता सांगाडा. कर्ट आपली बाजू दाबून बसायचा आणि डेल वर लटकत राहायचा.

"म्हण, कर्टसाहेब, कृपा करा!"

"उतरव आधी, रेड्या!"

दोघांचं हसणं माझ्या खिडकीत ऐकू यायचं. मी चिडून पडदा ओढायचो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये कर्ट आजारपणात गेला.

डेल दूर ॲरिझोनात राहतो. आजारपणात दोघांचं बोलणं फोनवरच व्हायचं. "मी नसलो तरी तू जायचं हं," कर्ट एकदा म्हणाला होता. डेलने त्याला झापलं होतं, "गप रे. तुला फरफटत नेईन."

त्या ऑक्टोबरात डेल एकटाच आला.

पोरांचा अध्यक्ष वेस्ली हात चोळत उभा होता. "ब्रदर डेल, समोर मी बसतो ना. ब्रदर कर्टएवढा मजेदार नाही, पण बसतो."

"ती कर्टची जागा आहे, पोरा."

मग पोरांनी बर्फावर टाकायच्या मिठाचं एक पोतं आणलं आणि कर्टच्या बाजूच्या बसायच्या गादीवर दोरीने बांधलं. कोणी बसणार नाही, पण फळी तर हलेल. मेलेल्या ब्रदरची जागा कोणाला द्यायची नाही, हा त्यांचा मान राखायचा प्रकार.

तिथेच चुकलं, असं मला वाटतं.

वेस्ली कॉफी करायला आत गेला. धुकं इतकं दाट होतं की डेलला फळीचं दुसरं टोक दिसेना. पाय मारायचा, वर जायचा. खाली यायचा, पुन्हा पाय मारायचा.

चर्र... ठप्प. चर्र... ठप्प.

तो कर्टशी बोलू लागला. गुडघे दुखतात म्हणाला. तुझ्याशिवाय इथे आलो ते चुकलंच म्हणाला. मग त्याला रडू आवरेना. कोणी बघत नव्हतं, म्हणून मोकळा रडला.

चर्र...

ठप्प झालंच नाही.

डेल वरच राहिला. पाय हवेत. खाली येईना.

"कर्ट?"

धुक्यातून उत्तर आलं नाही. फक्त... कोणीतरी श्वास घेत होतं. जड, अडखळत.

मग फळी अलगद खाली आली. आणि पुन्हा वर गेली. डेलने पाय मारला नव्हता.

त्याला भीती वाटली का, असं मी नंतर विचारलं. "वाटली ना," तो म्हणाला. "पण आनंद जास्त झाला."

वेस्ली दोन मग घेऊन बाहेर आला आणि पायरीवरच थबकला.

मिठाचं पोतं गवतात पडलं होतं. सुटलेली दोरी बाजूला. पोत्यावर दव साचलेलं, म्हणजे पडून बराच वेळ झाला होता.

आणि डेल वरखाली होत होता...

"ब्रदर डेल... ते पोतं..."

"माहीत आहे. हळू बोल."

उजाडलं. पुढची जोडी आली, पण डेल उतरेना. धुकं विरलं तशी सगळ्यांना ती बाजू दिसली. रिकामी. गादी मात्र मधोमध दबलेली. आजकालच्या एवढ्या पोरांपैकी एकानेही मोबाईल बाहेर काढला नाही, यावरूनच काय ते ओळखा. मी सपाता घालूनच रस्ता ओलांडला होता.

सीसॉचा त्यांचा एक नियम आहे. समोरची बाजू कोणीतरी धरून 'धरलं' म्हटल्याशिवाय उतरायचं नाही, नाहीतर समोरचा आपटतो. वेस्ली धीर करून गेला. फळीला हात लावला... आणि झटक्याने मागे घेतला.

"तिथे कोणीतरी आहे," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मग कोणीच पुढे होईना.

दुपारची घंटा झाली. इतकी वर्षं त्या घंटेवर जल्लोष व्हायचा. त्या दिवशी कोणी टाळीसुद्धा वाजवली नाही.

डेलचे ओठ निळे पडले होते. पाय थरथरत होते. त्याला हृदयाचं दुखणं आहे, खिशात गोळ्या असतात.

"बस झालं, ब्रदर! जीव जाईल तुमचा! उतरा!"

"कसा उतरू?" डेल ओरडला. "मी उतरलो तर तो पडेल!"

तेवढ्यात नोरीन आली. कर्टची बायको. शेवटच्या घंटेला ती दरवर्षी यायची, त्या दिवशी जरा उशीर झाला होता. तिने डेलकडे पाहिलं, रिकाम्या गादीकडे पाहिलं. सरळ त्या बाजूला गेली आणि फळी समतोल होताच दोन्ही हातांनी कवटाळली.

"धरलं मी. उतर, डेल."

"नीट धरलंस ना?"

"आजारपणभर मीच धरत होते रे."

डेल उतरला आणि गवतात कोसळला. वेस्लीने त्याच्या जिभेखाली गोळी ठेवली. नोरीनने मात्र तिकडे पाहिलंही नाही. ती कर्टची बाजू खाली आणत होती. सावकाश... झोपलेल्या माणसाला पलंगावर ठेवावं तशी.

"किती हलका," डेल पुटपुटला. "सकाळपासून मला कळेना. एवढा रेडा माझा, आणि इतका हलका?"

"शेवटी एवढाच उरला होता," नोरीन म्हणाली. "बाथरूमपर्यंत मी उचलून न्यायचे. हे त्याचंच वजन आहे. मला कळणार नाही का?"

डेल तोंड झाकून हुंदके देऊ लागला. त्याने कर्टला तसा पाहिलाच नव्हता.

दोन्ही बाजू रिकाम्या असल्या की ती फळी आपोआप समतोल होते. इतकी वर्षं पाहतोय मी. त्या दिवशी नोरीनने हात काढला, तरी कर्टची बाजू गवताला टेकून राहिली.

ती शेजारी बसून राहिली. डेलही. पोरांनी तिच्या खांद्यावर शाल आणून टाकली. कोणी घरी चला म्हणालं नाही.

ऊन उतरू लागलं तेव्हा... फळी हलली.

वारा नव्हता. ती बाजू गवतावरून हळूच उचलली गेली आणि फळी समतोल होऊन थांबली. गादीवरचा खळगा भरून आला.

नोरीन दफनाच्या वेळी रडली नव्हती. सगळं गाव म्हणालं होतं, बाई खंबीर आहे.

"गेला," ती म्हणाली. आणि मग जी रडली... मी आत जाऊन दार लावून घेतलं, तरी ऐकू येत होतं.

तो सकाळी कशासाठी आला होता, डेलला भेटायला की तिला, मला माहीत नाही. डेललाही नाही. नोरीनला विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.