वास आला आणि कळलं

"ताई, तुला कधीच वास आला नव्हता… एवढं एकच वाक्य उद्या कोर्टात म्हण. माझ्यासाठी म्हण!"

हातातली इस्त्री उभी करून ताई धाकट्या भावाकडे बघतच राहिली. आईवडिलांच्या मागे याच भावाला तिने लहानाचं मोठं केलं होतं, आलेली स्थळं हसत हसत परत पाठवली होती, आणि वडिलांची लाँड्री अशी सांभाळली होती की हॉटेलवाले डोळे मिटून चादरी पाठवायचे. मग सहा वर्षांपूर्वी एके सकाळी ती म्हणाली, बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतोय… आणि घरात तिच्या नाकाची थट्टा सुरू झाली! भावाने चादरींच्या शेवटच्या पाण्यात सुगंधी औषध ओतलं, वास हटेना तेव्हा दुप्पट ओतलं, आणि चादरींना गुलाब आणि पेट्रोल असा दोन्हींचा दरवळ सुटला. गिऱ्हाईकं तुटू लागली तेव्हा खापर ताईच्या डोक्यावर फुटलं. "तू नीट खळबळत नाहीस," असं म्हणून त्याने तिला धुण्याच्या खोलीतून काढलं आणि इस्त्रीला लावलं. ताई भांडली नाही. मनातल्या मनात मात्र पोटभर रुसली.

गेल्या वर्षी रस्ता खणताना शेजारच्या पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळत असल्याचं उघड झालं. बहीणभावाने नुकसानभरपाईचा आणि पाणी स्वच्छ करून मिळण्याचा दावा लावला. पण वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "त्रास कशामुळे होतोय हे कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. नाहीतर मुदत संपली म्हणून दावा दारातूनच परत!" आणि ताईला तर सहा वर्षांपूर्वीच वास आला होता! तिच्या नाकाची गोष्ट भावाने वकीलबाईंपासूनही लपवली.

"दावा गेला तर लाँड्री गेली, ताई. आईबाबांची शेवटची खूण गेली…"

'ताई, तू खरं बोलत होतीस' हे एवढंसं वाक्य ऐकायला सहा वर्षं ताईचा जीव तळमळला होता, आणि आता तिनेच स्वतःच्या तोंडाने स्वतःला खोटं पाडायचं! पण समोर उभा होता तो तिचा बाळ्याच होता ना?

"म्हणेन," ती म्हणाली आणि पुन्हा कॉलरवर इस्त्री फिरवू लागली.

दुसऱ्या दिवशी ती साक्षीला उभी राहिली. पंपमालकाचा वकील मोठा गोडबोल्या होता. "बाई, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, तुमचं नाक तिखट. तुम्हाला सहा वर्षांपूर्वीच वास आला होता, नाही का?"

शपथ घेतलेली, आणि समोर भाऊ खाली मान घालून बसलेला… "मला…" ताई म्हणाली. "मला कधी…"

"आला होता! तिला वास आला होता!"

भाऊ ताडकन उठला होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "ती रोज सांगत होती, साहेब! मीच तिला वेड्यात काढलं. तिला खोटं बोलायलाही मीच सांगितलं. लाँड्री गेली तर जाऊ दे, पण माझ्या ताईला खोटारडी नका करू!"

"खाली बसा," न्यायाधीश कडक आवाजात म्हणाले. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मग न्यायाधीश ताईकडे वळले. "तुम्ही सांगा. खरं काय ते."

आणि ताईने सगळं सांगितलं. वास आला तशी ती बादली घेऊन थेट पंपावर गेली होती. "या पंपमालकांनी काय केलं, साहेब? बादलीतून पेला भरून माझ्यासमोर घटाघटा प्यायले! म्हणाले, 'अमृत आहे ताई, अमृत! टाकी ठणठणीत आहे, तुमच्याच नाकाला औषध घ्या.' पंपावरचा पोरगाही हसला. मग मलाच वाटायला लागलं, बिघाड माझ्यातच असेल…"

वकीलबाई आता ताठ उभ्या राहिल्या. मागच्याच तारखेला पंपाच्या मिस्त्रीने साक्ष दिली होती, की टाकीतलं पेट्रोल आपोआप कमी होतंय हे त्याने मालकाला तेव्हाच, सहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं, आणि मालकाने त्याला गप्प केलं होतं. म्हणजे टाकी गळतेय हे ठाऊक असताना हा गृहस्थ तो पेला प्यायला! पंपमालक रुमालाने मान पुसू लागला.

दुपारी न्यायाधीशांनी निर्णय दिला. "वास येणं वेगळं आणि कळणं वेगळं. या बाईंना ते कळू नये याची प्रतिवादींनी जाणूनबुजून काळजी घेतली. मुदत टाकीची गळती उघड झाल्यापासून धरली जाईल. दावा चालेल."

आता पुराव्यांचं काम पुढे होतं, सोपं नव्हतं. पण दार उघडं राहिलं होतं.

बाहेरच्या व्हरांड्यात भावाने ताईचे दोन्ही हात धरले. "ताई… तू खरं बोलत होतीस. माफी मागायची मुदत संपली का गं?"

किती वर्षांनी तिच्या छातीवरचा धोंडा उतरला! तिने पदराने आधी त्याचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"माफी कधीच दिलीय रे बाळ्या," ती म्हणाली. "पण उद्यापासून धुण्याची खोली मी बघणार. तू इस्त्रीला उभा राहा."