सातवी नळी

छत्री दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात जेमतेम तिघं मावत होती. ती, तिचे बाबा आणि खुद्द दुकानदार. चौथा आत शिरला तो नखशिखांत भिजून.

"काडी मोडलीय," तो म्हणाला. "आजच मिळेल का?"

तिने वळून पाहिलं. चेहरा कधी न पाहिलेला. पण आवाज... हा आवाज तर गेले चार महिने ती कानात घेऊन बसत होती.

"सोडली," ती हळूच म्हणाली.

तो थबकला. केसांतून पाणी गळत होतं, ते पुसायचं राहून गेलं. "दिसली..." तो म्हणाला. "तुम्ही? खालच्या?"

"खालची. आणि तुम्ही वरचे."

बाबांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. चष्म्यावरून त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मधल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला कुणी सांगेल का, काय चाललंय?"

मग त्याने सांगितलं. समुद्रात चक्रीवादळ उठलं की त्याचं विमान थेट वादळातून जातं. तिथे तो पुठ्ठ्याच्या नळीत बसवलेली यंत्रं खाली सोडतो. छोट्या हवाई छत्रीला लटकत यंत्र समुद्रापर्यंत जातं, आणि जाता जाता वारा, दाब, दमटपणा कळवत राहतं. ते आकडे इथे हवामान कचेरीत तिच्या पडद्यावर उमटतात. त्याने म्हणायचं, "सोडली." पहिला आकडा आला की तिने म्हणायचं, "दिसली." मगच पुढची नळी. चार महिने दोघांमध्ये एवढंच बोलणं झालं होतं.

"पण वादळ कुठे जाणार, हे तर तुम्हाला आधीच कळतं ना?" बाबांनी विचारलं.

"कुठे ते कळतं, काका. किती जोर धरेल, तिथे आम्ही चुकतो. बघता बघता दुप्पट होतं आणि आम्ही तोंडात बोट घालून बसतो. म्हणून आत जाऊन मोजायचं."

"आमच्या हिच्या आईसारखंच झालं. किती वाजता घरी येणार ते पक्कं ठाऊक असायचं. किती रागावून, ते नाही."

तो मोकळेपणी हसला. ती मात्र उगाचच टांगलेल्या छत्र्या न्याहाळत राहिली.

"आणि आत काय असतं हो?"

"आधी हाडं खिळखिळी होतात. मग एकदम... ऊन. चहूकडे ढगांच्या उंच भिंती, वर निळं आभाळ. खाली दमलेले पक्षी गोल गोल फिरत असतात, बाहेर पडायची वाट सापडत नाही त्यांना." तो बाबांना सांगत होता, पण बघत होता तिच्याकडे. "तिथे फार वाटतं, कुणाशी तरी बोलावं. पण कामापुरतंच बोलायचा नियम आहे."

"नियम मी केलेला नाही," ती म्हणाली.

"मोडलाही नाहीत."

घरी जाताना एकाच छत्रीखाली बापलेक चालत होती.

"मुलगा बरा वाटतो."

"बाबा, छत्री सरळ धरा."

"सरळच आहे. तूच तिरकी चालतेयस."

तो शेवटचा साधा दिवस.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वादळात होता. सहा नळ्या दिसल्या होत्या. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. शेजारच्या काकू होत्या. "बाळा, बाबा खुर्चीत बसलेत... उठतच नाहीयेत गं."

तिने कानावरचा हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळून ठेवली आणि कुणाला काही न सांगता निघून गेली.

बाबा गेल्यावर दोन आठवडे घरात माणसांचा राबता होता. एका दुपारी कचेरीतल्या लोकांबरोबर तोही आला. खुर्चीच्या कडेवर बसून राहिला, मग उठून सगळ्यांचे कप विसळून आला. निघताना दारात जरा जास्तच वेळ थांबला. ती भिंतीकडे पाहत राहिली. तिने मनाशी ठरवलं होतं... जाणारा सांगून जात नाही. मग ज्याचं कामच वादळात जायचं, त्याच्यात जीव कशाला अडकवायचा?

ती कामावर परतली तेव्हा शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "विमानवाल्यांची बदली झाली गं. दुसऱ्या समुद्रावर. उद्या सकाळी विमान निघतंय. आठ महिने म्हणतायत, कदाचित कायमचं."

"हं," म्हणून तिने त्या दिवसाची नोंद उघडली. सहावी नळी, मग एकदम आठवी. सातवीची ओळ रिकामी होती. वादळाच्या भिंतीत वारा सर्वांत जोराचा असतो, सातवी तिथे पडायची होती. खरं तर त्या एका आकड्यासाठीच विमान गेलं होतं. तो आकडा नव्हता म्हणून जोराचा अंदाजही फसला होता. नेहमी कारणाच्या रकान्यात 'हवाई छत्री उघडली नाही' असलं काहीतरी असे. इथे त्याने लिहिलं होतं, 'सोडायची राहिली. माझं लक्ष नव्हतं.'

चार महिन्यांत त्याची एकही नळी सोडायची राहिली नव्हती.

त्याच संध्याकाळी विमानाच्या हँगरमध्ये तो नळ्या पेटीत रचत होता. पत्र्यावर पाऊस संथ वाजत होता.

"सातवी का राहिली?" तिने दारातूनच विचारलं.

"लिहिलंय की."

"लक्ष कुठे होतं?"

त्याने पेटीचं झाकण लावलं. "सहावीला तुम्ही 'दिसली' म्हणालात. मग कुणी दुसरंच बोलायला लागलं. मी विचारत बसलो, त्या कुठे गेल्या, काय झालं... तोवर भिंत मागे पडली."

"आणि साहेब?"

"म्हणाले, यंत्र बिघडलं म्हणून लिही. मी म्हटलं, यंत्र ठणठणीत आहे."

तिला हसू आलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच. हसता हसता डोळे भरले, आणि या वेळी तिने तोंड फिरवलं नाही.

"उद्या निघायचंय," तो म्हणाला. "तुम्ही नको म्हणालात, तर—"

"मी नको कशाला म्हणू? तिकडचं वादळही कुणाच्या तरी घरावरच येणार." ती दोन पावलं पुढे आली. "मला एक सांगायचंय. मध्ये बोलू नका, नाहीतर राहून जाईल."

तो पेटी सोडून तिच्यासमोर उभा राहिला.

"तुम्ही वर असता तेव्हा तुम्ही उतरेपर्यंत मला घास गिळवत नाही. चार महिने मी स्वतःला सांगत आले की कामाची धास्ती आहे. बाबांना एका संध्याकाळीत कळलं, आणि त्यांच्यापाशीसुद्धा मी कबूल केलं नाही. वाटलं, घाई काय आहे..." तिने डोळे पुसले. "माझा तुमच्यावर जीव आहे. उद्या जा. पण हे ऐकून जा... आणि परत या."