डाव्या बाजूची सावली

एक्स-रेचं फिरतं मशीन उताराच्या मधोमध अडलं. तंत्रज्ञ प्लेट आणायला गेलेला, हेमलता एकटीच ढकलत होती. तेवढ्यात मागून दोन काळवंडलेले हात आले.

"सोडा मॅडम. ट्रकचा रेडिएटर याहून जड असतो."

"हे नाजूक आहे हं."

"तोही नाजूकच असतो..."

हात नवलचे होते. सोनगीरला हायवेवर त्याचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान. त्याची आई, धनीबाई, धुळ्याच्या या रुग्णालयात न्यूमोनियानं व्हेंटिलेटरवर होती. हेमलता जळगावची, इथे रेडिऑलॉजी शिकणारी डॉक्टर. अत्यवस्थ रुग्णांच्या छातीचा एक्स-रे रोज बघायचा, फुफ्फुसांचे सहा भाग पाडायचे आणि पांढऱ्या सावलीप्रमाणे प्रत्येकाला शून्य ते तीन गुण द्यायचे, हे तिचं काम. बेरीज अठराकडे सरकू लागली, की पुढे बहुधा काय होतं, ते तिच्या वहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून नवल उताराशी आधीच येऊन थांबू लागला.

"आज जाळी किती चोकअप?"

"फुफ्फुसाला जाळी म्हणत नाहीत."

"बरं, नाही म्हणत. किती?"

"नऊ. काल दहा होते." सांगायला नको होतं, हे तिला सांगून झाल्यावर आठवलं.

"म्हणजे पाणी फिरायला लागलं!" तो हसला. ती खाली बघून हसली.

पाचव्या दिवशी बारा आले.

डावा वरचा भाग पांढराफटक. हेमलताने तीनदा मोजलं. एका दिवसात तीन गुण... वहीतले असे आकडे तिला पाठ होते. तिची बोटं गार पडली. बाहेर नवल उभाच होता.

"आज आकडा नाही सांगितला."

"मोठे डॉक्टर सांगतील."

"आणि हसलाही नाहीत." तो हातातला कंगवा उलटसुलट करत राहिला. "सकाळी मायची वेणी घातली. सिस्टरनं दहा मिनिटं दिली. विस्कटलेले केस तिला खपत नाहीत. तिचं मनगट मोडलं होतं ना, तेव्हा शिकलो मी... मानेखाली टोचू नये म्हणून आज डाव्या खांद्यावरून पुढे सोडली."

"मशीन यायच्या आधी?"

"हो... माझं काही चुकलं का?"

ती संगणकाकडे धावली. सावली गळ्याच्या हाडाशी थांबत नव्हती, थेट मानेपर्यंत चढत होती. तिथे फुफ्फुस नसतंच! तेल चोपडलेली जाड वेणी होती ती. पहिल्या वर्षाच्या मुलालाही दिसली असती. तिला दिसली नाही, कारण ते चित्र बघताना तिच्या डोळ्यांसमोर उतारावर वाट बघणारा माणूस होता.

तिने मोठ्या डॉक्टरांना सांगून दुसरा एक्स-रे मागवला. नवलने वेणी डोक्यावर गुंडाळली आणि आपण इथेच आहोत हे आईला कळावं म्हणून वाकून कुजबुजला, "माय, मी आठेच शे."

नऊ.

"कालचाच आकडा आहे. वाढला नाही," ती म्हणाली. "सकाळी मी चुकले. घाबरले होते."

"तुम्ही? तुम्ही कशाला घाबरायचं?"

हेमलताने वही छातीशी धरली.

मग सात, मग पाच. दहाव्या दिवशी नळी निघाली आणि धनीबाईने घोगऱ्या आवाजात पहिलं काय विचारलं, तर "वेनी कोनी घाली रे?"

दुसऱ्या दिवशी नवलसोबत मशीन उतारावर नेताना हेमलता समोर बघतच म्हणाली, "मला शिकवाल... तशी वेणी?"

"नाही."

तिचा चेहरा पडला. "का?"

"शिकवली, तर रोज तुम्ही स्वतःच घालाल."

मशीन थांबलं. वरून तंत्रज्ञ हाका मारत होता. हेमलताने अंबाड्यात खोचलेलं पेन हळूच काढून घेतलं, केस पाठीवर मोकळे सुटले. तिची बोटं अजून गारच होती.