खांद्यावरचा तळवा

सांगते ते खरं आहे. पटलं नाही तर सोडून द्या, पण 'थकवा असेल' म्हणून मला समजावू नका. ते सगळ्यांचं समजावून झालंय.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. ठाण्याची खाडी. रात्र नव्हती, अमावस्याही नव्हती. चांगली सकाळ होती, फक्त धुकं होतं.

मी व्हेनेसा. पक्ष्यांचे आणि प्रवासाचे फोटो काढणं हेच माझं पोटापाण्याचं काम. लडाख असो की काझीरंगा, माझा नवरा फ्लेव्हियन सोबत असायचा. पक्षी तो शोधायचा, फोटो मी काढायचे.

पक्ष्यांना दिसू नये म्हणून आम्ही हिरव्या कापडाच्या छोट्या तंबूत बसायचो. आत बोलायची सोय नाही. म्हणून फ्लेव्हियन माझ्या पाठीशी बसून माझ्या डाव्या खांद्यावर खुणा करायचा.

एकदा बोट टेकवलं की डावीकडे बघ. दोनदा टेकवलं की उजवीकडे. अख्खा तळवा ठेवला की थांब, उठू नको.

आणि तळवा उचलला की भरती आली, निघायचं.

माझा डोळा कॅमेऱ्यात, पाण्यावर नजर त्याची. भरती चढते तसे फ्लेमिंगो चिखल सोडून जवळ येतात. सगळ्यात चांगला फोटो अगदी शेवटी मिळतो. लोभापायी जीव जायची वेळही तीच. पण त्याचा तळवा कधी चुकला नाही.

या खुणा आम्ही कुणाला सांगितल्या नव्हत्या. लोक हसले असते.

त्या जानेवारीच्या आदल्या मे महिन्यात फ्लेव्हियन गेला. घोडबंदर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये, क्रिकेट बघता बघता. त्याच्या जाण्याचा खाडीशी काडीचा संबंध नाही.

मग मी एकटीच फिरायला लागले. हॉटेलात वेटर विचारतो, "मॅडम, एकट्याच?" आणि समोरचा ग्लास उचलून नेतो. फोटो चांगला आला की मी अजून दाखवायला मान वळवते. मागे कुणी नसतं. ते फार लागतं.

त्या सकाळी भिवाजीकाकांनी मला होडीने सोडलं. ते चेंदणी कोळीवाड्यातले, आम्हाला वर्षानुवर्षं तेच सोडतात.

"येकटीच चाललीस गो बाय? पानी कोन बघंल?"

"मीच बघेन, काका."

होडी जवळ असली की पक्षी बिचकतात. म्हणून काका लांब निघून गेले. वल्ह्यांचा आवाज धुक्यात विरला.

तिवरांच्या कडेला आमची जुनी फळी होती. खाली मधोमध ओंडका, पुढच्या टोकाला मी बसायचे, मागच्या टोकाला फ्लेव्हियन. फळीवर मी तंबू उभा केला आणि पुढे बसले. मागचं टोक वर उचललं गेलं.

समोर नुसतं पांढरं. एक पक्षी दिसेना.

मग फळी हळूच...

सरळ झाली.

ओंडका रुतला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

थोड्या वेळाने खांद्यावर...

बोट टेकलं. एकदाच.

मी कॅमेरा डावीकडे नेला. धुक्यातून अख्खा थवा चालत येत होता. आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो मी तेव्हा काढला. अजून कुणाला दाखवलेला नाही.

मी मागे वळले नाही. मागे कुणी असेल याची भीती नव्हती. नसेल, याची होती.

मग तळवा आला.

थंड नव्हता. ऊबदार होता, सवयीचा होता. मी रडत होते, पण डोळा कॅमेऱ्यातून काढला नाही. कितीतरी महिन्यांनी मला एकटं वाटत नव्हतं.

पक्षी जवळ येत गेले. तळवा तसाच.

गमबुटांत पाणी शिरलं. तळवा तसाच.

पाणी फळीच्या वर आलं...

तळवा तसाच.

फ्लेव्हियनने इतका उशीर कधीच केला नव्हता.

लांबून हाक आली. "व्हेनेसाबाय... उठ गो... पानी भरला..."

तेव्हा तो तळवा दाबला गेला. आधी कधीच दाबला नव्हता.

तंबूत मी पहिल्यांदाच बोलले. "फ्लेव्ही, जाऊ दे रे मला."

तळवा उचलला नाही.

मी सगळा जोर लावून उठले आणि बाहेर पडले. माझं वजन उतरताच फळीचं मागचं टोक...

धपकन पाण्यात बसलं.

रिकामी फळी अशी बसत नाही.

कमरेएवढ्या पाण्यातून मी होडी गाठली. भिवाजीकाकांनी मला ओढून वर घेतलं.

"कोनाशी बोलत होतीस?"

"कुणाशी नाही."

ते तंबूकडे बघत राहिले. "तंबू आनायचा?"

"राहू दे, काका."

आम्ही लांब जाईपर्यंत तो हिरवा तंबू पाण्यात ताठ उभा होता. आतून कुणी धरल्यासारखा.

मी रोज तोच विचार करते. फ्लेव्हियन असता तर त्याने तळवा वेळेत उचलला असता. मग तो नव्हता. पण मग तिथे जे कुणी होतं, त्याला आमच्या खुणा कुणी शिकवल्या?

आणि तोच असेल तर? त्यालाही तिकडे एकट्याला करमत नसेल तर? मग मी त्याला भरतीत सोडून आले.

आता फोटो मी किनाऱ्यावरूनच काढते. कॅमेऱ्याची जड बॅग उजव्या खांद्यावर घेते. उजवा खांदा धरलाय, डॉक्टर बॅग डावीकडे घ्या म्हणतात.

डावा मी मोकळा ठेवते.