घाटावरचं तांबं

"बंद कर असं मी म्हटलंच नाही," भानुमती काकू म्हणाल्या. "उघड म्हटलं. उघड, आतली प्लेट काढ, अन् चल माझ्यासंगं नदीवर, ग्वारीघाटला."

"काकू, टेस्ट चालू आहे." यशोधननं मानेवरचा घाम रुमालानं पुसला. "संध्याकाळपर्यंत पॅनेल असंच चालू राहिलं पाहिजे, तेव्हा माल पास होतो. मग उघडू, सबकुछ उघडू. आता उठा तिथून."

"नाही उठत."

"बाहेर टेम्पो येऊन थांबलाय!"

"थांबू दे. त्याचं काय जळून राहिलं?"

यशोधननं दात आवळले. मे महिन्याची दुपार, जबलपूरच्या रिछाई कारखाना-वसाहतीतली पत्र्याची शेड, रविवार म्हणून कामगार सगळे घरी. वर पत्रा तापून कटकट वाजत होता. माणसापेक्षा उंच असं करड्या रंगाचं, कपाटासारखं लोखंडी पॅनेल शेडच्या मागच्या भिंतीपाशी उभं होतं आणि त्याचा पंखा एका सुरात घुमत होता. त्या पॅनेलला पाठ लावून, लाकडी स्टुलावर, पदर दोन्ही खांद्यांवर घट्ट ओढून काकू बसल्या होत्या. मागच्या भिंतीवरच्या बटणांकडे जायचं तर त्यांना ओलांडूनच जावं लागलं असतं. एवढ्या उकाड्यात पदर काय ओढून घ्यायचा, यशोधनच्या मनात आलं. पण विचारलं नाही. तीन दिवसांपासून काकूंना काही विचारणं म्हणजे नवं भांडण ओढवून घेणं झालं होतं.

ह्या शेडमध्ये एकच धंदा चाले. मोबाइलच्या टॉवरखाली, रेल्वेच्या सिग्नलपाशी जी इलेक्ट्रॉनिक यंत्रं बंद कपाटांत ठेवलेली असतात, ती स्वतःच्याच उष्णतेनं तापतात आणि तापली की मरतात. ती उष्णता बाहेर काढून टाकायची. श्यामसुंदर काकांनी धंदा सुरू केला. ते गेल्यावर लोक म्हणाले, बाई आता कुलूप लावेल. बाईनं कुलूप घेतलं खरं, पण त्याची किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली. पुतण्या यशोधन इंजिनिअर होऊन कामात आला, तरी ती किल्ली तिथंच राहिली.

ह्या पॅनेलात गॅस नव्हता, कॉम्प्रेसर नव्हता. मागच्या अंगाला तांब्याची एक जाड प्लेट, तिला बाहेरून उष्णता झाडणाऱ्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन, आत एक पंखा, बाहेर एक पंखा, बस. आतली हवा प्लेट तापवते, बाहेरची हवा प्लेट निववते. असलं यंत्र आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गार करूच शकत नाही. हे यशोधनला कॉलेजात शिकवलं होतं आणि काकूंना बोटं भाजून कळलं होतं. त्याबद्दल दोघांत वाद नव्हता.

शेडमध्ये चव्वेचाळीस डिग्री होतं. पॅनेलच्या आत, मुद्दाम लावलेल्या मोठमोठ्या बल्बांच्या धगीत, एकोणीस.

पहिल्या दिवशी यशोधनला वाटलं, थर्मामीटर बिघडलंय. त्यानं दुसरं आणलं. मग तिसरं. मग त्यानं विचार करणं सोडून दिलं आणि माल घेणाऱ्या कंपनीला फोन केला, की असं पॅनेल अख्ख्या देशात कोणाकडे नाही.

"प्लेटीचं तांबं कुठून आणलं?" काकूंनी विचारलं.

"कितीदा सांगू? कबाड्याकडून."

"कबाड्यानं कुठून आणलं?"

"तांबं ते तांबं, काकू. भट्टीत गेलं की सगळं सारखं."

काकूंनी मूठ उघडली. तळहातावर तांब्याच्या भांड्याचा एक तुकडा होता, गोल काठाचा. काठाखाली कोरलेली अक्षरं शाबूत होती: चि. सौ. कां. विनता हिस.

"हे भट्टीवाल्यानं परत दिलं. तीनदा भट्टीत टाकलं म्हणे, वितळलं नाही. लग्नात कोणा विनताला तांब्या दिला, तिचं नाव घालून. अन् ती गेली तेव्हा तिच्या अस्थी त्याच तांब्यातून घाटावर आणल्या. अस्थी सोडल्या की तांब्या घरी न्यायचा नसतो, तिथंच सोडायचा असतो. हे तुझ्या आईनं तुला नाही शिकवलं? सगळे तसलेच तांबे होते, यशोधन. पोतंभर. नदीतून काढून विकले कोणीतरी, अन् तू घेतले."

"मला काय माहीत होतं?"

"गळ्याला लाल कापड बांधलेलं होतं! डोळे कुठं ठेवले होते?"

कापड यशोधननंच सोडून फेकलं होतं. एकेका तांब्याच्या तळाशी राखेचा पापुद्रा होता. त्यानं पोतं शेडच्या दारात झटकलं होतं आणि काकू येण्याआधी झाडूनही घेतलं होतं.

"काका गेल्यापासून तुमचं डोकं ठिकाणावर नाही," तो म्हणाला. म्हणायचं नव्हतं, पण म्हणाला. "जे दिसेल त्यात भूत दिसून राहिलं तुम्हाला."

"माझं डोकं माझ्या मानेवर आहे. तुझं त्या कंपनीच्या पायाशी जाऊन पडलंय." काकू वळल्या, खिडकीच्या कठड्यावरचा उदबत्तीचा पुडा घेतला, एक काडी पेटवली. माल बाहेर पडण्याआधी प्रत्येक पॅनेलला उदबत्ती दाखवायची, ही काकांची रीत. देवासाठी नव्हे, धूर कुठं वळतो त्यावरून हवा कुठून शिरते, कुठून निघते ते कळावं म्हणून. "ये. बघ."

"मी बघितलंय."

"पुन्हा बघ."

त्यांनी काडी बाहेरच्या पंख्यासमोर धरली. पंखा हवा बाहेर फेकायला बसवलेला, धूर दूर उडायला हवा होता. धूर आत गेला. सरळ, कोणी ओढून घ्यावा तसा. थोडा वेळ तसाच जात राहिला. मग थांबला. मग हळूच बाहेर आला, पसरून, ओलसर. मग पुन्हा आत.

आत... बाहेर... आत.

पंख्याची पाती मात्र एकाच दिशेनं फिरत होती.

यशोधनला वास आला. उदबत्तीचा नव्हे. ओल्या राखेचा, नदीच्या गाळाचा, कुजलेल्या झेंडूचा. त्यानं तोंड फिरवलं.

तेवढ्यात पंख्याचा सूर चढला. जरासाच. आणि त्याचा फोन वाजला.

क्षमा होती, त्याची बायको. सलोनीपाशी बसलेली. सहा वर्षांची सलोनी ज्या दिवशी पॅनेल सुरू झालं त्या दिवसापासून तापानं फणफणली होती. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं तपासलं, काही सापडलं नाही. काकूंनी कानाला हात लावून खूण केली, तसा यशोधननं स्पीकर लावला.

"अहो, पुन्हा चढला हो," क्षमाचा आवाज बारीक झाला होता. "आत्ताच, एकदम. पट्ट्या ठेवून राहिले, त्या सुकून चालल्या. पाणी मागते सारखी. तांब्यातलं पाणी देते, तर तेही..."

"तेही काय?" काकूंनी विचारलं.

"काकू? तुम्ही आहात? तेही गरम लागतं हो. रात्री भरून ठेवते, तांब्यातलं पाणी चांगलं म्हणून. सकाळी गार असायला पाहिजे न? आज तर हात लावू देईना तांब्या."

"कोणता तांब्या, क्षमा?"

"हेच घेऊन आले न कारखान्यातून. चिंचेनं घासून आणला होता, मस्त चमकतो. सलोनीचाच आहे तो, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही ती."

काकूंनी मान वळवून यशोधनकडे पाहिलं.

पोत्यातला सगळ्यात देखणा तांब्या होता तो. भट्टीत टाकायला जीव झाला नव्हता.

"तूच सांगतोस ना कामगारांना," काकू हळू आवाजात म्हणाल्या, "की उष्णता नाहीशी होत नसते, एका जागची दुसऱ्या जागी जाते? ह्या प्लेटीत शिरते, अन् बाहेर तर निघत नाही. फिनला हात लावून बघ, बर्फ आहेत. मग जाते कुठं?"

"काकू, प्लीज..."

"एकदा जळले ते लोक. जळून निवले, नदीला मिळाले. तू त्यांना पुन्हा भट्टीत घातलं, वरून आत दिवे लावले. ते काहून सोसतील? जी त्यांच्या भांड्यातून पाणी पिते तिला ती धग देऊन राहिले."

"योगायोग आहे! मे महिना आहे, अर्ध्या जबलपूरला ताप आहे! तांब्या उन्हात राहिला असेल!" यशोधन ओरडत होता, आणि स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता. "मी लिहून दिलंय कंपनीला. हे पॅनेल गेलं नाही तर शेड विकावी लागेल, समजून राहिल्या का तुम्ही?"

"शेड वीक. पोरगी कुठून आणशील?"

पंखा आणखी चढला. आता तो घुमत नव्हता, किंचाळत होता. फोनमध्ये काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"अहो..." क्षमा कुजबुजली. "अहो, ऐका न. ही काय बोलून राहिली? झोपेत आहे, पण डोळे उघडे आहेत..."

"काय बोलते?"

"मराठी."

सलोनीला मराठी कळत होती. पण बोलायची ती फक्त हिंदी. काकूंशीसुद्धा, काकू कितीही रागावल्या तरी. फोनमधून आधी नुसता श्वास ऐकू आला. आत... बाहेर... आत. मग त्याच्या लेकीचा आवाज आला, सुकलेला, शब्द न् शब्द स्पष्ट.

"निववा... निववा रे कोणी. आम्हाला निववा..."

"आम्हाला म्हणते, काकू," क्षमा रडायला लागली. "एकटीच आहे हो ही, आम्हाला काहून म्हणते?"

यशोधनच्या हातातून फोन टेबलावर पडला. कंपनी, टेम्पो, शेड, सगळं त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं. "करतो बंद," तो म्हणाला, "करतो, आत्ता करतो, उद्या प्लेट काढून नदीत टाकतो, तुम्ही म्हणाल ते करतो. व्हा बाजूला, काकू!" त्यानं त्यांच्या खांद्याला धरून ओढलं. खांदा थंडगार होता आणि थरथरत होता. तेव्हा कुठं त्याला दिसलं, की काकू सकाळपासून इथं अडून बसल्या नव्हत्या. त्या घाबरून बसल्या होत्या.

"हटा! बटण कुठंय?"

काकू स्टुलावरून उठल्या. इतका वेळ लुगड्याच्या निऱ्यांखाली, दोन्ही पायांच्या मधे त्यांनी जे झाकून ठेवलं होतं ते वाकून उचललं आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. काळ्या केबलचं टोक. तोडलेलं, आतल्या तारा उघड्या. मागच्या भिंतीवरच्या बोर्डात दुसरा तुकडा नुसताच लोंबत होता. पॅनेलचा पंखा किंचाळत होता.

"बंद करून भागत असतं तर भांडले असते का मी," काकू म्हणाल्या, "वायर तर मी सकाळीच कापली, यशोधन."